तुकडी कुठे आहे? सीमाभागातल्या ग्रुप ॲडमिनना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या खेड्यांत मराठीचे व्हॉट्सॲप ग्रुप, इन्स्टाग्रामची पेजं आणि यूट्यूब चॅनेलं चालवणारे सगळे तरुण ॲडमिन

पोरांनो,

14 डिसेंबर 2022 ला दिल्लीत अमित शहांनी सीमाप्रश्नावर महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले होते, आणि बेळगावला येणार म्हणून जाहीर केलेले महाराष्ट्राचे दोन मंत्री आलेच नव्हते. बैठकीनंतर जे सांगितलं गेलं त्यात दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती होती, सुप्रीम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुणी कुणाच्या गावावर दावा सांगायचा नाही हे होतं, आणि आणखी एक गोष्ट होती. मोठ्या नेत्यांच्या नावाने खोटी ट्विटर खाती काढून आग लावणाऱ्यांवर गुन्हे दाखल करायचे. 1956 पासूनचं भांडण, आणि त्यावरच्या बैठकीत ट्विटरला वेगळं कलम!

सहा मंत्र्यांच्या त्या समितीने आपल्या पदरात काय टाकलं हे तुम्हीच शोधा. पण फोनवर कुणी काय लिहितो याची दखल थेट गृहमंत्र्यांच्या टेबलापर्यंत गेली, एवढं त्या दिवशी दिसलं. म्हणून हे पत्र पुढाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय. पुढाऱ्यांना पत्रं लिहून झाली आहेत आपल्या सगळ्यांची.

मी कोर्टाच्या आवारात टायपिंग करते. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर. वाटणीपत्र, ॲफिडेव्हिट, आरटीआयचा अर्ज, जामिनाचे कागद, येणारा माणूस म्हणेल त्या भाषेत. मराठी आणि कन्नड, दोन्हींत बोटं सारखीच चालतात. वकील मी नव्हे, तेव्हा खाली कायद्याचं जे बोलेन ते टेबलावरून गेलेल्या कागदांवरून बोलतेय, पक्कं करून घ्यायला तुमचा वकील आहे. आणि तुमचा वकील कोण, हे तुम्हाला आज ठाऊक आहे का, इथूनच माझं म्हणणं सुरू होतं.

1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत तुम्ही घसा ताणून म्हणता, ‘रहेंगे तो महाराष्ट्र में, नहीं तो जेल में.’ रीलवर त्याला चांगला ताल बसतो, ऐकलंय मी. पण ती घोषणा ज्यांनी खरी केली त्यांनी ती एकट्याने केली नव्हती. 1958 ची साराबंदी घ्या, सरकारला शेतसारा न भरण्याची चळवळ. सत्याग्रहाला माणसं तुकड्यांनी जायची. आज कुणाची तुकडी, उद्या कुणाची, तुकडीत कोण कोण, हे आधी ठरायचं. आमच्या शहापुरातल्या म्हाताऱ्या सांगायच्या की आत गेलेल्याच्या जनावरांना वैरण कोण घालणार आणि त्याच्या घरी जोंधळे कोण पोचवणार, हेही गल्लीत बसून वाटून घेतलेलं असायचं. जेलमध्ये जाणाऱ्याला आपण जेलमध्ये जाणार हे माहीत होतं, त्याच्या आईला माहीत होतं, आणि बाहेर आल्यावर त्याच्या गळ्यात हार कोण घालणार हेसुद्धा माहीत होतं.

आता तुमच्या ग्रुपकडे बघा. रात्री अकराला कुठला तरी व्हिडिओ येतो. कुठला, कधीचा, कुणी काढला, पत्ता नाही. खाली दोन ओळी, त्यातली एक शिवी. कुणी तरी तो उचलून स्वतःच्या स्टेटसला ठेवतो, वर स्वतःची आणखी एक ओळ चिकटवतो. सकाळी ठाण्यातून फोन. दुपारी त्याचा बाप माझ्या टेबलासमोर, हातात नोटीस. ग्रुपमध्ये शेकड्यांनी माणसं, ठाण्याच्या बाकावर मात्र तो एकटा. बहुतेक वेळा ॲडमिनने तोवर त्याला ग्रुपमधून काढूनही टाकलेलं असतं, ‘सुरक्षेसाठी’.

तुकडी कुठे आहे, एवढंच मला विचारायचं आहे.

2021 चा डिसेंबर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अंगावर घेतला आहे. 13 तारखेला व्हॅक्सिन डेपोवरच्या महामेळाव्यात महाराष्ट्र एकीकरण समितीचे नेते दीपक दळवी यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. चार दिवसांत बेंगळुरूच्या सदाशिवनगरातल्या शिवरायांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा व्हिडिओ फोनाफोनांत फिरला. त्याच रात्री बेळगावात माणसं रस्त्यावर आली, गाड्या फुटल्या, अनगोळात कन्नड लोकांचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. मग धरपकड, मग थेट राजद्रोहाचं कलम. पुढच्या मे महिन्यात, 11 मे 2022 ला, सुप्रीम कोर्टाने ते 124अ कलम देशभर थांबवून ठेवलं. पण त्या दरम्यान ज्या घरांत दाराची कडी वाजली, तिथे देशभर काय झालं याला अर्थ नव्हता. चीड खोटी नव्हती. शिवरायांच्या पुतळ्यावर शाई पडलेली बघून ज्याचं रक्त तापत नाही तो कसला मराठी माणूस. पण रायण्णांचा पुतळा फुटल्याने कुठल्या मराठी माणसाचं भलं झालं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ज्याने फोडला त्याच्यापेक्षा, त्या रात्री नुसते घोळक्यात उभे राहून व्हिडिओ काढणाऱ्यांचीच ओळख पटवणं सोपं होतं. त्यांनीच स्वतःचे चेहरे अपलोड केले होते की.

कलमांचे आकडे आता बदललेत. जुन्या दंड संहितेत 153अ होतं, त्याचं भारतीय न्याय संहितेत 196 झालं. दोन समाजांत तेढ वाढवणे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. अफवा पसरवून लोकांत भीती किंवा द्वेष निर्माण करणं 353 मध्ये येतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला सहसा आधी नोटीस येते, पूर्वी 41अ म्हणायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 35. ती नोटीस म्हणजे अटक नव्हे. पण ती घेऊन वेळेवर हजर न राहिलं तर अटकेला वाट मिळते, आणि पोरं घाबरून फोन बंद करून चंदगडला मामाकडे जाऊन बसतात. नोव्हेंबर जवळ आला की आणखी एक कागद येतो, शांतता राखीन असं लिहून देण्याचा, पूर्वीचं 107, आताचं 126. त्यावर न वाचता सही ठोकू नका. त्यात किती रकमेचा जातमुचलका आहे, किती मुदतीचा आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ॲडमिनांसाठी थोडा दिलासाही आहे. मेंबरने टाकलेल्या मजकुराबद्दल, कट नसेल तर, नुसतं ॲडमिन असण्यावरून गुन्हा होत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने आणि केरळ हायकोर्टाने म्हटलंय. पण गुन्हा होत नाही हे कोर्टात ठरतं, आणि कोर्टापर्यंतची पायपीट तुमचीच असते. फोन जप्त होतो तो वेगळाच. त्यात कॉलेजच्या नोट्स, बहिणीच्या लग्नाचे फोटो, सगळं जातं.

पुण्या-मुंबईतून तुमचे व्हिडिओ शेअर करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात थोडा राग आहे, तो इथेच काढून टाकते. ‘बेळगावचा वाघ’ म्हणून तुम्हाला टॅग करणाऱ्याला टिळकवाडी ठाण्यात हजेरी लावायची नसते. त्याच्या पासपोर्टच्या चौकशीला आपल्या गल्लीतला पोलीस येत नाही. एका पोराचं दुबईचं काम अशाच एका शेअर केलेल्या पोस्टपायी अडकलं, त्याचा प्रतिज्ञालेख मीच टाइप केला. त्या पोस्टला पुण्याहून बदाम मात्र खंडीभर आले होते.

आता म्हणाल, काकू घाबरवायलाच बसल्या आहेत, गप्प बसा म्हणताहेत. अजिबात नव्हे. गप्प बसायचं असतं तर मीही टाइप करून पैसे घेऊन घरी गेले असते. तुम्ही फोनने काय करू शकता हे मी डोळ्यांनी बघितलंय. 2021 च्या एप्रिलातली लोकसभेची पोटनिवडणूक आठवा. महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार तरुण, पैसा बेताचा, आणि गावोगावच्या पोरांनी फोनवरून प्रचार असा पेटवला की 1 लाख 17 हजारांवर मतं पडली. भाजप आणि काँग्रेस यांच्यात निकाल पाच-सव्वापाच हजारांवर येऊन ठेपला होता, तेव्हा त्या आकड्याचं वजन दोघांनाही कळलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिकेत, जिथे वर्षानुवर्षं मराठी गटाचा महापौर बसायचा, तिथे 58 पैकी 35 जागा भाजपला गेल्या, समितीच्या हाती जवळपास काही लागलं नाही. वॉर्ड नव्याने पाडले होते, पहिल्यांदाच पक्षांची चिन्हं आली होती, मशीनबद्दल तक्रारी होत्या, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी माझं मत सांगते. लोकसभेला लाट लागते, ती फोनवर उठते. वॉर्डाला मतदारयादी लागते. कुणाचं नाव गळालं, कोण कामाला गोव्याला गेलाय, कुठल्या घरातली सून अजून माहेरच्या यादीत आहे, हे रीलवर सापडत नाही. ते काम कुणाला द्यायचं हे ठरवणारं तुमच्यात कुणी नव्हतं.

तुमच्या आधीची माणसं फोन नसताना काय करून गेली बघा. 1996 ला बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाने बघावं म्हणून गावागावातून माणसं अर्ज भरायला गेली. तेव्हा अनामत 500 रुपये होती. त्या निवडणुकीत आपल्यासारखाच प्रकार तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यालाही झाला, आणि त्यानंतर कायदा बदलून लोकसभेची अनामत 10,000 केली, अपक्षाला दहा सूचक लागू केले. आज ज्याला व्हायरल म्हणता तेच ते. फक्त प्रत्येक अर्जावर नाव होतं, सही होती, आणि ती माणसं एकमेकांना ओळखत होती.

आणि आपल्याकडेच एक काम फोनने फार बरं झालेलं आहे. हलगा-मच्छे बायपासचं. 2021 च्या नोव्हेंबरात या रस्त्यासाठी पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रं घातली, तेव्हा बांधावरून जे लाइव्ह झाले त्यात बोलणारा शेतकरी स्वतः होता, स्वतःच्या शेतात उभा होता, जमीन कुठली, पीक कुठलं, सगळं त्याच्या तोंडून येत होतं. शिव्या होत्या, नाही कशाला म्हणू. पण जागा, दिवस, माणूस, तिन्ही पक्कं होतं. आणि शेतकऱ्यांचं संघटन आधीपासून होतं, फोन मागाहून आला. बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात भातात शिरतं तेव्हाही तसंच व्हिडिओ करा की. ते पाणी शेतकऱ्याची भाषा विचारून शिरत नाही, त्यामुळे तिथे कन्नड शेजारीही तुमच्याच फ्रेममध्ये उभा राहील.

सुप्रीम कोर्टात 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाभागावरचा दावा पडून आहे. तो कधी उभा राहील ते राहो. पण महाराष्ट्र मागतो त्या 865 गावांत मराठी रोज कशी जगते आहे, याची नोंद कुणाकडे आहे? सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा. त्यानंतर तुमच्या गावात मराठी शाळेतली कुठली इयत्ता बंद झाली, पंचायतीची नोटीस कुठल्या भाषेत येऊ लागली, घरपट्टीची पावती कधी बदलली, अंगणवाडीच्या भिंतीवरचं मराठी कोणी पुसलं, हे गावातल्या माणसाच्या तोंडी आहे, कागदावर नाही. तोंडचं कोर्टात चालत नाही, आणि अधिकाऱ्यापुढे तर अजिबात नाही. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या नोटिसा, नियम त्या भाषेतही द्यायचे, हे मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत 1961 ला मान्य झालेलं आहे. राज्यघटनेत 350अ मुळे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय आहे, 350ब मुळे भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्त आहे. दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा कायदा 2024 ला आला, त्यावर तुमच्या ग्रुपांत महिनाभर वादळ होतं. उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी लिहिलेल्या पाट्या कुणी मोजल्या? त्यातल्या किती पाडल्या, हे तारखेनिशी कुणी लिहून ठेवलं?

इथे तुमचा फोन सोन्याचा आहे, फक्त वापर निराळा हवा. फोटो काढा, व्हिडिओ काढा, पण मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की व्हिडिओ दाबला जातो, त्याची मूळ वेळ-जागेची नोंद निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साक्ष अधिनियम बदललाय, आता कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलमध्ये काडीइतका बदल झाला तरी बदलणारी आकड्या-अक्षरांची ओळ. फॉरवर्ड होत होत आलेल्या व्हिडिओचं असलं प्रमाणपत्र द्यायला कुणी पुढे येत नाही, कारण तो कुणाचाच नसतो. वर नाचणारे वाघ आणि हलगीचा आवाज घातलात तर उरलंसुरलंही गेलं. हलगी रीलला ठेवा, पुराव्याची प्रत वेगळी ठेवा.

आणि अर्ज करा. माहिती अधिकारात आपल्या कर्नाटकात एक गंमत आहे, अर्ज एकाच विषयावर हवा आणि साधारण 150 शब्दांत बसायला हवा. तुमच्यातले काही जण टेबलावर येतात ते सीमालढ्याचा अख्खा इतिहास घेऊन. हुतात्म्यांपासून सुरुवात, शेवटी प्रश्न काय तर शाळेला मराठी शिक्षक कधी देणार. कधी देणार असंही विचारू नका. माहिती अधिकारात भविष्य मिळत नाही, कागद मिळतो. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, त्याबद्दलचा पत्रव्यवहार द्या. दहा रुपये फी, तीस दिवस, उत्तर नाही आलं की पहिलं अपील. टपाल विभागाचा शिक्का पडलेली पोच हातात आली की मग तिचा फोटो ग्रुपवर टाका, मी स्वतः बदाम देईन. असे पन्नास गावांतले पन्नास कागद एका ठिकाणी लागले तर पाहा काय होतं.

बाळेकुंद्रीच्या बसचं लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. 21 फेब्रुवारी 2025. तिकिटावरून, भाषेवरून बाचाबाची, वाहकाला मारहाण, उलट बसमधल्या अल्पवयीन मुलीच्या बाजूने वाहकावर पोक्सोची, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, तक्रार, त्याच रात्री चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं, दोन्हीकडच्या बस बंद, 22 मार्चला कर्नाटक बंद. शेवटी मुलीच्या घरच्यांनी तक्रार मागे घेतो म्हणून सांगितलं. त्या महिनाभरात निपाणी-कोल्हापूर कामाला जाणाऱ्यांचे जे हाल झाले ते कुणाच्या रीलमध्ये आले नाहीत. अशा प्रकरणात मूल असेल तर त्याचं नाव, फोटो, शाळा, गल्ली यातलं काहीही उघड करता येत नाही, पोक्सोचं कलम 23 आहे. आपल्या बाजूची मुलगी म्हणून तिची बाजू मांडायला गेलात आणि तिचाच चेहरा गावभर केलात, तर तिच्या आईला तोंड देणार कोण? असलं काही ग्रुपवर आलं तर डिलीट करायला दहा सेकंद लागतात. ते ॲडमिनचंच काम आहे, पंतप्रधानांचं नव्हे.

मुलींवरून आठवलं. तुमच्या ॲडमिनांच्या यादीत मुलगी का नाही? मोर्चात असतात, फेरीत असतात, हिंडलग्याला 1 जूनला हुतात्म्यांना फुलं वाहायला पुढे असतात. ग्रुपमध्ये ठरवायची वेळ आली की सगळे दादा. एखादी मुलगी ॲडमिन असती तर रात्री अकराचे निम्मे व्हिडिओ तिथेच अडले असते, असं माझं आपलं मत.

शेवटचं तुम्हाला फारसं आवडणार नाही. मराठी शाळेच्या मागणीची पोस्ट मराठीत टाका, आणि तीच खाली कन्नडमध्येही टाका. माझ्या शेजारच्या टेबलावर कन्नड माणूस बसतो, खानापूरकडच्या कितीतरी मराठी म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज त्याने लिहून दिलेत. तुमच्या ग्रुपवर त्याच्या भाषेबद्दल काय काय लिहिलेलं असतं हे त्याला कुणी वाचून दाखवू नये म्हणून मीच फोन उलटा ठेवते. तुम्हाला नेमकं काय हवंय, हे मात्र त्याला आजतागायत कुणी त्याच्या भाषेत सांगितलेलं नाही. बेंगळुरूहून आलेल्या चॅनेलनेच सांगितलंय, त्यांना सोयीचं तेवढं. कन्नडमध्ये लिहिल्याने काळा दिन पांढरा होत नाही. दाव्यातलं एक अक्षर कमी होत नाही. आणि लिहिता येत नसेल तर माझ्याकडे आणा, शुद्ध कन्नडमध्ये करून देते.

तर तुकडीचं असं. प्रत्येक ग्रुपमागे पाच माणसं ठरवा, त्यात एक तरी मुलगी. गडबडीचं काहीही टाकायच्या आधी त्या पाचांत विचारायचं. एका वकिलाचं नाव आधीच ठरलेलं, त्याचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये. कुणाला नोटीस आली तर ठाण्यात त्याच्याबरोबर बाकीच्या चौघांपैकी दोघे, आणि त्याच्या घरी त्या संध्याकाळी एक जण. नोटीस आलेल्याला ग्रुपमधून काढायचं नाही. जमत नसेल तर ॲडमिनपद सोडा, दुसरा कुणी घेईल.

आणि अर्जासाठी आलात तर विषय एकच आणा. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल असलेला फोन आणा, आणि ज्याने तो काढलाय त्यालाच आणा, त्याच्या मित्राला नको. सोमवारी गर्दी असते, मंगळवारनंतर या. फी नेहमीचीच.

तुमची,
कोर्ट आवारातली टायपिस्ट काकू
शहापूर, बेळगाव